गोदाचं घर

लातुरात औसा रोडवरच्या एका छोट्या व्हिडिओ गेम कंपनीत श्रीशैलनं गोदा नावाच्या मुलीवरच्या गेमच्या दोन भागांची गोष्ट लिहिली होती. तिसरा भाग मालकानं उदगीरहून नव्यानं आलेल्या अंबिकाला लिहायला दिला. त्या दिवसापासून श्रीशैलला अन्न गोड लागेना. तिनं लिहिलेली गोष्ट त्यानं चार वेळा वाचली, ती फक्त चूक शोधायला. चौथ्यांदा ती सापडली.

बैठकीत त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "दुसऱ्या भागात गोदा म्हणते, बापाचं तोंड पुन्हा बघणार न्हाई. अन् तुझ्या भागात ती आजारी बापाकडं परत जाते? माझी गोदा अशी बदलणार न्हाई. तुला ती कळलीच न्हाई."

मालकानं अंबिकाकडं पाहिलं.

"सर, अकरावीत असताना मी तुमचा पहिला भाग खेळले," ती म्हणाली. "गोदा भांडून घर सोडते, तिथं मी लई वेळ अडकले. काही केल्या दार उघडेना. मग कळलं, चुलीपाशी बापाची भाकरी झाकून ठेवल्याबिगर ते उघडतच न्हाई. तवाच वाटलं, ही कधीतरी परत जाणार."

श्रीशैलला आपण अशी अट घातल्याचं आठवतच नव्हतं. तिसरा भाग तिला मिळाला, याचं त्याला आता काही वाटेना. पण हे तिला आठवावं आणि आपल्याला आठवू नये, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.