पहिल्या रकान्यातलं पथ्य

“मिठातलं सोडियम बंद, शहाळ्यातलं पोटॅशियम बंद. आवर्तसारणीचा पहिला रकानाच माझ्यावर उलटलाय,” डायलिसिसहून येताना हे म्हणायचे. उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलेला माणूस!

“अहो, त्याच रकान्यातलं लिथियम डोकं फिरलेल्यांना देतात ना? ते मला ठेवा,” मी म्हणायचे. बटाट्यातलं पोटॅशियम उकळून फेकायचे, भाजी अळणी करायचे.

काल डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “आता पथ्य राहू द्या. मागतील ते द्या.”

आज मी शहाळ्याचं पाणी पेल्यात ओतून आणलं. ह्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमेना.

त्यांनी पाणी सावकाश संपवलं. “गोड आहे,” म्हणाले. “आत जाऊन रडून घे. मग मलई आण, दोघं खाऊ.”