लाइट आल्यावर

"हा बोर्ड बदलून टाक," मी मुकेशला म्हणालो. "लाइट आली तरी मोटार चालू कराले लय वेळ लावते. वांगे सुकून राह्यले."

कामरगावच्या आमच्या मळ्यात विहिरीवरची मोटार पत्त्याच्या कॅटाएवढ्या एका कॉम्प्युटरवर चालते. तो माझ्या पोरानं, मुकेशनंच बसवला. तेव्हापासून मी त्या बोर्डाला मंद म्हणून शिव्या देतो. माझी बायको प्रयाग नुसती हसायची. म्हणायची, "येईन पाणी. तोवर भाकर संपवा." ती गेल्यापासून भाकर मीच थापतो.

मुकेशनं लॅपटॉप जोडला, बोर्ड सुरू होतानाची सेटिंग उघडली, पण त्याचा हात पुढे चालेना.

"बाबा, बोर्ड मंद नाही. लाइट आल्यावर दहा मिनिट थांबाचं, मंगच मोटार चालू कराची, असं यात मीच टाकलं."

"काहून?"

"मायनं सांगतलं होतं. म्हणे, लाइट आली की तुहे बाबा भरल्या ताटावरून उठून वावरात पयतात. मोटारच उशिरा चालू होऊ दे. पण त्याइले सांगू नको." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आता काढू काय?"

दुपारी आम्ही बापलेक जेवायला बसलो आणि लाइट आली. मुकेश वावरात जायला उठायला लागला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.