नवा फोकसर

प्राचीने शेवटचा स्क्रू आवळला, दुर्बिणीचा नवा फोकसर, म्हणजे फोकस जुळवायचा भाग, हलवून पाहिला आणि बाजूला झाली. "घ्या बाबा. लावा फोकस."

भाऊराव दुर्बिणीपाशी आले. रविवारची सकाळ, उत्तरेतल्या निशातगंजमधल्या घराची गच्ची, आणि सूर्य बघायला जमलेली शेजारची चार माणसं. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी या सौर दुर्बिणीतून गल्लीला सूर्य दाखवत. गेलं वर्षभर सूर्य हलत होता. फोकसर झिजलाय, सोडला की घसरतो, म्हणून धरून ठेवावा लागतो, असं ते सांगत. त्याआधी पेनाची निब वाकलेली होती, कपाचा कान गुळगुळीत होता. मागच्या महिन्यात स्कूटरचा ब्रेक खराब निघाला, आणि मागे बसलेल्या पूर्वाच्या, म्हणजे प्राचीच्या मुलीच्या, हनुवटीला टाके पडले.

त्याच संध्याकाळी प्राची म्हणाली होती, "डॉक्टरकडे चला, नाहीतर स्कूटरची किल्ली द्या."

भाऊराव भडकले होते. "ब्रेक मी बदलून आणलाय. आता तू हा फोकसर बदलून दाखव. मग सूर्य हलला, तर तिथल्या तिथे किल्ली देईन."

बोलायला त्यांचं काय जात होतं? या जुन्या दुर्बिणीला नवा फोकसर बसत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

प्राचीने दोन्ही जोडणारा अडॅप्टर घरीच केला. नळाच्या सामानाच्या दुकानातून प्लास्टिकचा रिड्यूसर आणला, कानशीने घासला, आतून ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. कानस कशी धरायची हे तिला बापानेच शिकवलं होतं.

भाऊरावांनी नॉब धरला. शेजारच्या रिझवीसाहेबांनी डोळा लावला.

"कैसा दिखता है?"

"बहुत ख़ूब," साहेब म्हणाले आणि अदबीने जरा थांबले. "बस, ज़रा काँप रहा है, भाऊसाहब."

भाऊरावांनी नॉब आणखी घट्ट धरला. आता दुर्बिणीची अख्खी नळीच थरथरू लागली.

"अडॅप्टर वाकडा झालाय," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत, "लड़की ने टेढ़ा बना दिया. घर का काम है, क्या करें."

बेबीताई चहा घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी लेकीकडे पाहून हलकेच मान हलवली. हो म्हण, एवढंच त्यांचं मागणं होतं. प्राचीला ते कळलं. लहानपणी तिची रेघ वाकडी आली आणि तिने पट्टीला दोष दिला, तेव्हा याच माणसाने पाहुण्यांसमोर हसत म्हटलं होतं, नाचता येईना अंगण वाकडं. तिला ते आठवलं असेल, किंवा पूर्वाची हनुवटी.

"अंगण सरळ आहे, बाबा," ती म्हणाली. "हात काढा."

"घसरेल."

"हात काढा."

त्यांनी काढला. प्राचीने एका बोटाने नॉब किंचित फिरवला आणि तीही मागे सरली.

"वाह," रिझवीसाहेब म्हणाले. "किनारे पर आग की लपट दिख रही है. बिल्कुल ठहर गया." मग काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं, आणि मान वर करायची लाज वाटून ते दुर्बिणीतच बघत राहिले.

प्राचीने तळहात पसरला. "किल्ली."

"खाली गेल्यावर देतो ना," भाऊराव हळू आवाजात म्हणाले.

"तिथल्या तिथे म्हणाला होतात."

"प्राची," बेबीताई म्हणाल्या. तिने वळून पाहिलं नाही.

भाऊरावांनी खिशात हात घातला. किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला तो वाजतच. प्राची जागची हलली नाही, हातही पुढे नेला नाही. भाऊराव गच्ची ओलांडून तिच्यापर्यंत पोचले, तोवर तो वाजत राहिला.