बांधापलीकडची पसंती

घोटावड्यात लॅब्राडोरची अस्सल पिल्लं मिळतात असं कळलं, म्हणून बावधनहून मुद्दाम गेले. पिल्लं विकणाऱ्या कोंडिबांच्या गोठ्यातलं एक पिल्लू बघताक्षणी आवडलं आणि मी ते उचलून घेतलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"ही द्यायची न्हाईत, ताई. आईच्या कंबरंत दोष निघालाय, पिल्लांत उतरंल. ही माझ्यापाशीच ऱ्हातील. तुमी बांधापल्याड शंभूकडं जावा, त्याची चोख हायेत. फकस्त माझं नाव सांगू नका. चुलतभाऊ हाय माझा, पर बांधाच्या वादापासनं आमचं बोलणं न्हाई."

शंभूने पहिलाच प्रश्न टाकला, "कुणी पाठवलं?"

"ऑनलाइन बघितलं," मी ठोकून दिलं.

त्याने एक गुबगुबीत पिल्लू बांधालगत चालवलं. पलीकडे वैरण टाकणारे कोंडिबा थांबले, पिल्लाच्या मागच्या पायांकडे बघत राहिले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. शंभूने ते पिल्लू आत ठेवून दुसरं आणलं. या वेळी कोंडिबांनी होकारार्थी मान डोलावली आणि ते पुन्हा वैरणीकडे वळले.

"हे न्या," शंभू म्हणाला.

"पण तुमचं तर बोलणं नाही ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसला. "बोलत न्हाईच. पर त्यानं नापास केलेलं पिल्लू आजवर माझ्या दारातनं भाईर गेलं न्हाई."