डाव्या हाताचा ठोका

हेडफोन कानांवर दाबून तिने तो तुकडा निम्म्या वेगाने पुन्हा लावला. उजवा, उजवा, डावा, उजवा. डाव्या हाताचा ठोका केसभर मागून येत होता.

काकांच्या एकट्याच्या ड्रमवादनातली हीच जागा लोकांच्या तोंडी होती. आता चुकलाच, असं वाटेपर्यंत तो ठोका यायचा नाही, आणि पडला की सभागृहातून दाद उसळायची. गेल्या तीन आठवड्यांत तिने ते वादन ठोक्याठोक्याने कागदावर उतरवलं होतं. आपल्या वेळेवर पडणाऱ्या डाव्या हाताला हा उशीर मुद्दाम शिकवला होता. आज काका ऐकायला येणार होते. लहानपणी ताटावर, दारावर, त्यांच्या टकलावरही बोटं वाजवणाऱ्या या पुतणीला ते अजून ‘टकटक’ म्हणत. पण ड्रमसमोर बसली की तिची गय करत नसत.

एका ओळीत काही केल्या मेळ बसेना, म्हणून ताडून पाहायला तिने तीन वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग काढलं. तेच वादन. डावा हात मात्र अगदी वेळेवर.

मागच्या वर्षीचं लावलं. किंचित उशीर. मग पुन्हा यंदाचं लावलं आणि या वेळी फक्त डावा हात ऐकला. उशीर त्या एका जागी नव्हताच. डाव्या हाताला जिथे जिथे एकट्याने सुरुवात करायची होती, तिथे तिथे होता.

तिने हेडफोन काढून ठेवले.

“काय टकटक, भूत पाहिलंस की काय?” काका दारात उभे होते. मागून काकू डोकावल्या.

“अगं, यांचा थाट बघ! हल्ली शर्टाची बटणंसुद्धा मी लावून द्यायची,” काकू हसत म्हणाल्या. “मी आलेच तासाभरात.”

दार लागलं. काका समोरच्या खुर्चीत बसले, डावा हात मांडीखाली दाबून. “हं. वाजव.”

तिने काठ्या उचलल्या. कागद समोर होता, पण तिने तो पाहिला नाही. ती जागा आली तेव्हा तिने डावा ठोका सरळ, वेळेवर मारला. पुढच्याही सगळ्या जागा नीट वाजवल्या.

“थांब.” काका उठले. त्यांनी कागद उचलून खिडकीशी नेला आणि बराच वेळ ओळींवरून नजर फिरवली. “कागदावर एक, हातात एक. असं का?”

“असंच चांगलं वाटलं.”

“खोटं बोलायला तुला कधी जमलंय? जे लिहिलंस ते वाजव.”

तिने वाजवलं. प्रत्येक उशिराच्या ठोक्याला तिला कुणी जिना उतरताना एक पायरी चुकतंय असं वाटत होतं. एकदा तिने चोरून वर पाहिलं. काकांनी डोळे मिटले होते. शेवटच्या झांजेचा आवाज विरेपर्यंत ते हलले नाहीत.

“नेमकं उतरवलंयस,” ते म्हणाले. “आजवर इतकं नेमकं कुणी ऐकलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत राहिले, मीही वाजवू दिल्या.”

“काका, हे कधीपासून?”

स्टँडवरची पेन्सिल उजव्या हातात घेऊन त्यांनी कागदावरचा एक ठोका खोडला आणि थोडा पुढे सरकवून पुन्हा काढला. “इथे आता याहून उशीर होतो. परवापासून.”

तिने हातातल्या काठ्या खाली ठेवल्या.

“काकूंना माहीत आहे?”

“तिला वाटतंय मी लाड करून घेतोय.” ते हसायला गेले, पण जमलं नाही. आत्ता कुठे तिला कळलं, की ते तिच्याहून जास्त घाबरलेत.

काकांनी कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला. एका हाताने ती होईना. तिने पुढे होऊन घडी घातली.

“उद्या सकाळी डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “मला नाही सांगता येणार. हा कागद दाखव. त्यांना वाचता नाही आला, तर टेबलावर वाजवून दाखव.”