झोपेची वही

"वर्ष झालं डॉक्टर, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही," चौगुल्यांनी पुन्हा तेच गाऱ्हाणं मांडलं.

शालनताईंनी पिशवीतून वही काढली. नवऱ्याची झोप महिनाभर टिपून ठेवा, असं डॉक्टरांनीच मागच्या खेपेला सांगितलं होतं.

डॉक्टर वाचू लागले. 'साडेअकराला घोरायला लागले. दीडला कूस बदलली. पावणेतीनला झोपेत बडबडले. चारला घोरणं चालूच. साडेपाचला जागे झाले.' पुढच्या पानावरही तेच.

"काका, तुम्ही चांगले सहा तास झोपताय. गोळी कशाला हवी?" डॉक्टर हसले आणि पान उलटता उलटता थबकले. "काकू, मग तुम्ही कधी झोपता?"

वर्षभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. शालनताई खुर्चीत पुढे सरकल्या. "मला ना, डॉक्टर..."

"तिला काय झालंय? पाठ टेकली की घोरायला लागते," म्हणत चौगुले तणतणत उठले. "चल गं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाही त्यांची धुसफुस चालूच होती. "ह्याला काय कळतंय? दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. तू वही तेवढी लिहीत राहा."