दक्षिणेचं दार

घराची दिशा बदलली की माणसाची दशा बदलते. दक्षिणेचं दार पूर्वेला आणायला वझलवारांनी भिंती, छत आणि आत बसलेले सासरे यांची एकच आकृती केली आणि स्क्रीनवर नव्वद अंशांनी फिरवली. हल्ली स्क्रीनवर फिरवलेलं घर जमिनीवरही फिरायचं.

“काहो, फिरवायचा मध्यबिंदू घराचाच दिला ना?” अंगणातून बायकोने विचारलं.

दिला नव्हता. न दिल्यास सॉफ्टवेअर शहराच्या मधोमध असलेला झिरो माइलचा दगड धरतं. त्या दगडाभोवती फिरताना घराने पाव नागपूर चिरडलं. दुकानं, बस, बसमधली माणसं.

“बाबा आहेत आत. परत आणा आधी.”

वझलवारांनी कृती रद्द केली. घर त्याच वाटेने उलटं आलं आणि जखमींना उचलायला धावलेलेही त्याखाली गेले.

सासरे उंबऱ्यावर सुखरूप बसले होते.

“जावईबापू,” ते म्हणाले, “दार दक्षिणेलाच आहे.”